म्हाताऱ्या बैलाचा निरोप : इतिहास, कायदा आणि कर्तव्य

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हा गजबजू लागते, तेव्हा मुलांच्या पेट्यांतून त्यांचे घर बाहेर येते. कुणाच्या डब्यात धपाटे असतात, कुणाच्या पिशवीत नव्या हंगामाच्या मुगाचे लाडू. काही वर्षांपूर्वी देवणी तालुक्यातील सातवीच्या एका विद्यार्थ्याने पेटीतून पितळेची एक घाटी काढली. बैलाच्या घागरमाळेतील ती एक सुटी घाटी होती. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, आमचा ढवळ्या इकला. आता तो कुठं असंल?"

शेजारच्या खाटेवरील मुलगा पटकन बोलून गेला, "कुठं म्हंजे? कापला असंल." खोलीत शांतता पसरली. मी त्या मुलाला गप्प केले आणि पहिल्याला म्हणालो, "बाळा, चांगल्या घरी गेला असेल." त्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही, घाटी पुन्हा पेटीत ठेवून दिली. शेतकऱ्याच्या पोराला माझ्या उत्तरावर विश्वास ठेवणे शक्य नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने आपल्या विद्यार्थ्याला खोटे सांगितले, ही टोचणी तेव्हापासून माझ्या मनात आहे.

तो विद्यार्थी आता माजी विद्यार्थी आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, अशी आशा आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर होय. तथापि प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या ज्या घरी दावण आहे, त्या प्रत्येक घराला तो केव्हातरी पडतोच : आयुष्यभर राबलेल्या जनावराला शेवटी निरोप कसा द्यावा?

आपल्या मातीतले पशुधन

गोवंशाच्या दोन नामांकित जाती आपल्या भागाच्या नावाने ओळखल्या जातात. पहिली लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड हा तिचा मूळ टापू. अंगाचा रंग गडद लाल, बांधा मध्यम, उन्हाला आणि कमी चाऱ्याला टिकणारी जात. दुसरी देवणी. लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर, अहमदपूर, निलंगा हा तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावरील काळ्या रंगाच्या ठेवणीवरून तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार जाणकार सांगतात. देवणी दुधालाही चांगली आणि औतालाही चांगली. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात या दोन्ही जातींची पारख पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

बैलाचे वय कागदावर नसते, ते त्याच्या तोंडात असते. साधारण दोन-अडीच वर्षांचा खोंड दोन दाती होतो. पुढे चार दाती, सहा दाती होत पाचव्या वर्षाच्या आसपास तो 'जुळतो', म्हणजे त्याचे आठही दात पुरे होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो औताला लागतो आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत नेटाने काम करतो. त्यानंतर दात झिजतात, चावलेला कडबा नीट बारीक होत नाही, अर्धवट चघळलेले बोळे गव्हाणीत पडू लागतात. खांद्याची जुनी सूज उतरत नाही. उठताना मागचा भाग लटपटतो. चांगली निगा राहिली तर बैल सतरा-अठरा वर्षे, क्वचित वीस वर्षेही जगतो. म्हणजे कामाचे दिवस संपल्यानंतर त्याच्या आयुष्याची पाच-सहा वर्षे उरतात. निरोपाचा सारा प्रश्न या पाच-सहा वर्षांत दडलेला आहे.

निरोपाच्या जुन्या वाटा

पूर्वी या वर्षांसाठी तीन वाटा होत्या. सधन कुणबी आपला लाडका बैल मरेपर्यंत दावणीला ठेवी. त्याच्याकडे चारा असे, गडी असत. मध्यम आणि गरीब शेतकरी बैल बाजारात नेई. रुमालाखाली बोटे धरून सौदा होई, आणि मिळालेल्या पैशांत भर घालून तो नवा खोंड आणी. म्हातारा बैल विकल्याशिवाय नवा बैल येत नसे, हे कोरडवाहू शेतीचे साधे गणित होते. तिसरी वाट दुष्काळाची. १९७२ च्या दुष्काळात अनेकांनी जनावरांची दावी सोडून दिली. जिथे पाणी सापडेल तिथे जगा, एवढेच म्हणणे शेतकऱ्याच्या हाती उरले होते.

जनावर दावणीवरच मेले, तर मात्र पुढचे काम मालकाचे नसे. ते आपल्या पूर्वजांचे असे. या ठिकाणी आपला इतिहास गावाच्या इतिहासापासून वेगळा होतो. गावाच्या पोळ्यात ज्या बैलाला हात लावण्याची आपल्या आजोबा-पणजोबांना मुभा नव्हती, तोच बैल मेल्यावर त्यांच्या स्वाधीन होई. ते ढोर ओढून गावाबाहेर न्यायचे, हा महारांचा 'धर्म' ठरवला गेला होता. त्या मोबदल्यात मिळणाऱ्या वतनी जमिनीच्या तुकड्याला 'हाडकी-हाडोळा' म्हणत. नावातच हाडे होती. ज्यांना दावणीला जिवंत बैल बांधता येत नव्हता, त्यांच्या वाट्याला इतरांच्या बैलांची मढी आली होती. निरोपाचा ओलावा मालकाच्या घरी राहिला आणि त्याची दुर्गंधी आमच्या वस्तीत आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला हात घातला, तो याच कारणाने. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडून देण्याचा उपदेश केला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक सुधारणेचे विधेयक मांडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तिकडचे कायदे इकडे लागू नव्हते; तरी विचाराला सरहद्द नव्हती. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब स्वतः आपल्या भागात आले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी मृत गुरांचे मांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध तपासला. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात, धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी पुन्हा हा विषय घेतला. मेलेल्या जनावरांची कातडी, शिंगे, खुरे यांतून किती उत्पन्न बुडते, याचा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी त्या भाषणात उत्तर दिले. माणसाला पैशापेक्षा इज्जत प्यारी असते, हे त्या उत्तराचे सार होते.

हे काम सोडल्याची किंमत गावोगाव मोजावी लागली. आमच्या गावी धम्मदीक्षेनंतर आजोबांच्या पिढीने ढोरे ओढणे बंद केले, तेव्हा काही महिने दुकान बंद, गिरणी बंद, रोजगार बंद, अशी स्थिती होती. आजही हा प्रश्न पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उनाजवळ मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली, आणि त्यानंतर तेथील अनेकांनी मृत जनावरे उचलण्यास नकार दिला. त्याच्या एकोणनव्वद वर्षे आधी, म्हणजे नागपूरच्याही आधी महाडला जो नकार उच्चारला गेला, त्याचाच तो पुढचा उच्चार होता.

आमच्या घरचा राजा

१९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानंतर माझ्या वडिलांनी गायरानाची तीन एकर जमीन कसायला घेतली. जमीन मिळाली, पण बैल नव्हते, आणि गावात कुणी बैल द्यायला तयार नव्हते. बरीच वर्षे मातंग वस्तीतील एका घराशी सावड करून, त्यांचा एक आणि उसना आणलेला एक अशा जोडीवर पेरणी निघे. १९७९ साली वडिलांनी माळेगावच्या यात्रेतून लाल कंधारी खोंडांची जोडी आणली. एकाचे नाव राजा, दुसऱ्याचे सर्जा. आमच्या घराण्यात दावणीला बांधलेला तो पहिला जिवंत बैल. पोळ्याच्या मिरवणुकीत आमच्या जोडीला सर्वांच्या मागे उभे केले जाई. पण आदल्या संध्याकाळी आई त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळताना जे पुटपुटे, त्यात मागे-पुढे काही नव्हते.

सर्जा १९८८ मध्ये पायाने अधू झाला. माझे शिक्षण चालू होते, बहिणीचे लग्न ठरले होते. वडिलांनी त्याला बाजारात नेले. संध्याकाळी ते परतले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर सर्जाचे दावे होते. बैल देतात, दावे देत नाहीत, ही आमच्या घरची रीत. "मोठ्या वावरात गेला, चारा लई हाय तिथं," असे ते आम्हांला म्हणाले. आईने ते दावे खुंटीला अडकवले आणि त्या रात्री चूल पेटवली नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले, ते मी माझ्या वडिलांकडूनच शिकलो होतो.

राजाच्या वेळी वडिलांनी बाजाराचा विषय काढला नाही. तो आणखी पाच वर्षे दावणीला राहिला. शेवटची दोन वर्षे त्याच्याकडून पाण्याची एक कावडही वाहून घेतली नाही. आई कडबा बारीक तोडून, भिजवून त्याच्यापुढे ठेवी. १९९३ च्या उन्हाळ्यात तो बसला तो उठलाच नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेला. मी एम. ए. च्या परीक्षेहून घरी आलो होतो.

त्या सकाळी आमच्या दारात जो वाद झाला, तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही. वडिलांनी शेताच्या बांधाकडील उंचवट्यावर खड्डा खणायचे ठरवले आणि भावकीला हाक दिली. तेव्हा वस्तीतील एक वडीलधारे म्हणाले, "ढोरं ओढणं बापानं सोडलं. तू पुन्हा दोर हातात घेतोस? गाव काय म्हणंल?" प्रश्न खोटा नव्हता. ज्या कामाला नकार देण्यासाठी या वस्तीने उपास काढले होते, तेच काम पुन्हा दिसत होते : दोर, मेलेला बैल आणि आपली माणसे.

वडील म्हणाले, "ते गावचं हुतं, हे आपलं हाय. त्याला दुसऱ्या कुणी का म्हून ओढावं?"

ऐंशी ओलांडलेले आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना धरून खड्ड्यापर्यंत नेले. त्यांनी राजाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजवर लोकांची ओढली. हे पहिलंच घरचं." एवढेच. पुढे त्या वडीलधाऱ्यांनीही फावडे हाती घेतले.

त्या दिवशी मला जे कळले, ते असे : काम हीन नव्हते, सक्ती हीन होती. आपल्या घरच्या माणसाला खांदा देणे आणि दुसऱ्याच्या दारचे मढे जन्माच्या सक्तीने ओढणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. आतून त्या परस्परविरोधी आहेत. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती सक्ती. ज्याच्या श्रमावर आपण जगलो, त्याच्या शेवटाची जबाबदारी त्यांनी सोडायला लावली नव्हती. उलट त्या जबाबदारीपासून पळणारा मालकवर्गच त्यांच्या टीकेचा विषय होता.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये गाई, वासरे आणि दुभत्या व औताच्या जनावरांच्या हत्येस प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याचा अर्थ न्यायालयांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळा लावला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महंमद हनीफ कुरेशी खटल्यात गाईंच्या हत्येवरील बंदी वैध ठरवली. मात्र कामातून गेलेल्या बैलांवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, असे म्हटले. चाऱ्याची टंचाई हा त्या विचाराचा एक आधार होता. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमात हीच चौकट होती : गाईंना बंदी, आणि निरुपयोगी ठरलेल्या बैलांसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला.

२००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुजरातच्या खटल्यात जुनी भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी शेण व मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, असा युक्तिवाद तेथे मान्य झाला. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मार्च २०१५ पासून राज्यात वळू व बैल यांच्या हत्येवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले.

या लेखात कायद्याचा राजकीय वाद घालण्याचा हेतू नाही. परंतु शेतकऱ्याच्या दावणीवर काय घडले, हे नोंदवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. कायदा झाला त्याच सुमारास मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांना पाणी नव्हते, तेथे जनावरांची काय कथा! म्हाताऱ्या बैलाचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, त्याची किंमत पडली, आणि बैल विकून खोंड घेण्याचे जुने गणित मोडले. २०१९ च्या दुष्काळात सरकारी चारा छावण्यांत मोठ्या जनावरामागे दररोज ९० रुपये, पुढे १०० रुपये दिले जात. तोच दर धरला, तर एका बैलाचा वर्षाचा खर्च ३६,५०० रुपये होतो. पाच वर्षांचे दीड लाखाहून अधिक. तीन एकर कोरडवाहू शेतीच्या मालकाने हे कोठून आणावे? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्यातून गोशाळांना आधार मिळेल. पण आपल्याच गोठ्यात म्हातारा बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात विचार नाही.

परिणाम असा झाला की बंद पडलेल्या बाजाराच्या वाटेची जागा रस्त्याने घेतली. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातील मोकाट गुरांची संख्या ५० लाखांच्या घरात होती. रात्री दावे सोडून जनावर दूरच्या शिवारात हाकलणे, हा निरोप नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा अपराधही आहे. आणि जो व्यापारी वा खाटीक या व्यवहारात वर्षानुवर्षे होता, त्याला खलनायक ठरवून आपली सुटका होत नाही. बैल त्याच्या दारात आपणच नेऊन बांधत होतो.

धम्माची दृष्टी

आपण गाईला देवता मानत नाही. मानावे असे बुद्धाने सांगितलेले नाही. परंतु पूजा नाकारणे म्हणजे जबाबदारी नाकारणे नव्हे. सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिक सुत्तात गुरांना आई, बाप, भाऊ आणि इतर नातलगांच्या बरोबरीने मित्र म्हटले आहे. कारण ती अन्न देतात, बळ देतात, कांती आणि सुख देतात. येथे नाते उपकाराचे आहे, देवत्वाचे नाही. म्हणूनच ते बैलालाही लागू पडते आणि म्हशीच्या हेल्यालाही.

दीघनिकायातील कूटदंत सुत्त याहून पुढे जाते. त्यात आदर्श यज्ञाचे वर्णन आहे. त्या यज्ञात बैल, शेळ्या-मेंढ्या मारल्या जात नाहीत, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे : तेथे दासांना आणि कामकऱ्यांना दंडाचा धाक दाखवून, रडत रडत राबवले जात नाही; ज्यांची इच्छा आहे तेच काम करतात. जनावराची हिंसा आणि माणसावरील सक्ती यांचा निषेध बुद्धाने एकाच ठिकाणी केला. हाडकी-हाडोळ्याच्या वारसांनी हे विसरू नये. त्याच सुत्तात राजाला असा सल्ला दिला आहे की, केवळ शिक्षा करून राज्य निर्वेध होत नाही. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि अन्न पुरवावे. चाऱ्याविना केलेल्या कायद्याला याहून जुने आणि नेमके उत्तर मला माहीत नाही.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नोंदवले आहे. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी बैलांना खच्ची करण्यास व डाग देण्यास मनाई आहे. आणि बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेपाशी थांबत नाही. त्यांच्या लालनपालनाचेही वचन घेते. दया ही भावना आहे, लालनपालन हे काम आहे. म्हाताऱ्या बैलाच्या बाबतीत दुसऱ्याचीच कसोटी लागते.

प्रत्यक्षात काय करता येईल?

१. *आधीच विचार करावा.* बैल दहाव्या वर्षात आला, की घरात बसून बोलावे. पुढची पाच-सहा वर्षे कोणी, कशी सांभाळायची? दोन-चार घरांनी मिळून वैरणीचा एक वाफा राखला, तर ओझे वाटले जाते. म्हातारा बैल दिवसाला साधारण दहा किलो शेण देतो. त्याचे खत शेतात गेले, तर तो पूर्णपणे 'बसून खाणारा' राहत नाही.

२. *चारा दातांना पेलेल असा द्यावा.* उभा कडबा टाकू नये. कुट्टी करून, पाणी शिंपडून, थोडी पेंड मिसळून दिवसातून तीन-चार वेळा थोडाथोडा द्यावा. तरण्या जनावरांच्या गव्हाणीपासून वेगळे बांधावे. ती त्याला खाऊ देत नाहीत. मात्र पूर्ण एकटे ठेवू नये. जोडीदार नजरेच्या टप्प्यात असावा.

३. *दुखणे ओळखावे.* मान एका बाजूला झुकणे, शिंग लोंबणे, एका नाकपुडीतून रक्त येणे, ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. लवकर दाखवल्यास शस्त्रक्रिया करता येते. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅकचा आग्रह धरू नये. त्या औषधाचा अंश असलेली मढी खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नष्ट झाली; म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. मेलॉक्झिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे.

४. *बसलेल्या बैलाची सेवा.* खाली भुसा किंवा पाचटाचा जाड थर द्यावा. दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलावी, अन्यथा जखमा होतात. पाणी तोंडाशी न्यावे. वेदना असह्य असतील आणि बरे होण्याची आशा नसेल, तर काय करायचे याचा निर्णय पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्यावा. १९६० च्या अधिनियमात अशा जनावरासाठी तरतूद आहे. भोंदू उपाय, चटके, डागण्या यांपासून त्याला वाचवावे.

५. *पुरण्याची रीत.* जागा विहीर, ओढा, नाला यांपासून दूर आणि उंचवट्याची असावी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते. खड्डा सात-आठ फूट खोल घ्यावा, तळाशी व अंगावर चुना टाकावा, जनावराच्या वर किमान चार फूट माती यावी. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड-काटे रचावेत. जनावर अचानक मेले असेल आणि नाका-तोंडातून न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी रोगाची शंका घ्यावी. अशा जनावराला कापू नये, कातडे काढू नये, हाताळू नये. प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २०२२ मध्ये लम्पी रोगाने दगावलेल्या बैलासाठी शासनाने २५,००० रुपये साहाय्य दिले होते. ज्यांनी वेळेवर कळवून पंचनामा करून घेतला, त्यांनाच अशी मदत मिळते.

६. *हे काम एका जातीकडे सोपवू नये.* ज्याचा बैल, त्याच्या घरातील माणसांनी खड्ड्यापाशी उभे राहावे. यंत्र लावले तर त्याचे भाडे द्यावे. माणूस लावला तर त्याला ठरवून मजुरी, हातमोजे आणि साबण द्यावा. परंपरेच्या नावाखाली कुणालाही हाक मारू नये, आणि अशी हाक कुणी मारली तर ओ देऊ नये.

७. *मुलांना खरे सांगावे.* जनावर विकले तर विकले म्हणावे, मेले तर मेले म्हणावे. जरा आणि मरण पाहूनच सिद्धार्थ घराबाहेर पडला होता. आपण मात्र मुलांपासून नेमके तेच लपवतो. त्यांना मूठभर माती टाकू द्यावी.

शेवटी

आता गावोगाव ट्रॅक्टर आले आहेत. २०१२ मध्ये दीड कोटीहून थोडी अधिक असलेली राज्यातील गाई-बैलांची संख्या २०१९ मध्ये एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आली. येत्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या घरी दावण उरेल. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या कदाचित शेवटच्या मोठ्या पिढीला निरोप देण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे.

माझ्या त्या माजी विद्यार्थ्याला मला एवढेच सांगायचे आहे. बाळा, तुझा ढवळ्या कुठे गेला, हे मला त्या दिवशी ठाऊक होते आणि तुलाही ठाऊक होते. मी खरे बोलायला हवे होते. तुझ्या वडिलांनी त्याला विकले, ते निर्दयपणाने नव्हे. तुझ्या वसतिगृहातल्या पेटीत, पुस्तकांत त्या पैशाचा काही वाटा असेल. माझ्या पुस्तकांत सर्जाचा होता. हे ऋण रडून फिटत नाही आणि लपवूनही फिटत नाही. तुझ्या दावणीला पुढे एखादे मुके जनावर आलेच, तर त्याच्या शेवटच्या दिवशी तू घरी राहा. ती घाटी अजून असेल, तर तुझ्या मुलांना ती कुणाच्या गळ्यातली, हे खरे खरे सांग.

सर्जाचे दावे आमच्या घरी अजून खुंटीला आहे. राजाचे दावे वडिलांनी त्याच्याबरोबरच मातीत ठेवले.